द स्कार्लेट लेटर आणि द क्रुसिबल : दरवर्षीचे तेच प्रश्न, एकदाची उत्तरं

मी एमए इंग्लिशच्या मुलांच्या शिकवण्या घेते. परीक्षा महिन्यावर आली की मेसेज सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच, फक्त नंबर नवा असतो. म्हणून म्हटलं एकदाच लिहून ठेवावं. गाईडमधलं उत्तर हवं असेल तर गाईड आहेच, इथे मला काय वाटतं ते लिहिलंय. आणि दोन्हीचा शेवट फोडलाय, तेव्हा नंतर ओरडायचं नाही.

मॅडम, वाचायला वेळ नाही, दोन्ही गोष्टी थोडक्यात सांगा ना.

सांगते, पण वाचा नंतर.

द स्कार्लेट लेटर ही नॅथॅनिएल हॉथॉर्नची कादंबरी, १८५० ची. घडते बोस्टनमध्ये, १६४० च्या दशकात. हेस्टर प्रिनचा नवरा दोन वर्षं बेपत्ता आणि हिला मूल झालंय. शिक्षा काय, तर बाळाला घेऊन भर बाजारात चौथऱ्यावर तीन तास उभं राहायचं आणि पुढे जन्मभर छातीवर लाल कापडाचं 'ए' अक्षर वागवायचं. बाळाचा बाप कोण ते ती सांगत नाही. तो असतो गावाचा लाडका तरुण पाद्री, आर्थर डिम्सडेल. आणि नेमका त्याच दिवशी तिचा बेपत्ता नवरा गर्दीत येऊन उभा राहतो, पुढे रॉजर चिलिंगवर्थ असं खोटं नाव घेऊन वैद्य म्हणून पाद्र्याच्याच घरात मुक्काम ठोकतो आणि त्याला वर्षानुवर्षं आतून कुरतडत बसतो.

द क्रुसिबल हे आर्थर मिलरचं चार अंकी नाटक, जानेवारी १९५३ मध्ये ब्रॉडवेवर आलं. बोस्टनजवळचं सेलम गाव, १६९२. काही पोरी रात्री रानात नाचताना सापडतात, आपल्यावरचं बालंट टाळायला चेटकाचं नाव पुढे करतात, आणि बघता बघता अर्धा गाव तुरुंगात जातो. जॉन प्रॉक्टर हा शेतकरी, घरात कामाला असलेल्या ॲबिगेलशी त्याचे संबंध होते, बायकोने, म्हणजे एलिझाबेथने, तिला हाकललेलं. आता ॲबिगेल कोर्टात एलिझाबेथचंच नाव घेते. बायकोला सोडवायला गेलेला प्रॉक्टर स्वतःच अडकतो आणि शेवटी फासावर जातो.

(पाद्रीही आर्थर, नाटककारही आर्थर. पेपरात गोंधळ झालेला मी पाहिलाय.)

एक कादंबरी, एक नाटक, मध्ये शंभर वर्षं. मग तुलना कशाला करायला लावतात?

सिलॅबसवाल्यांचं उत्तर तुम्हाला पाठ आहे, दोन्हीकडे प्युरिटन समाज, दोन्हीकडे पाप, ढोंग वगैरे. चूक नाही ते. पण ढोंग तर कुठल्याही गावात सापडेल. मला विचाराल तर दोन्ही पुस्तकांच्या पोटात एकच प्रसंग आहे आणि तो हातात आला की बाकीची तुलना आपोआप होते.

प्रसंग असा. सगळ्या गावासमोर एका माणसाला उभं केलंय आणि मोठी माणसं म्हणतायत, दुसऱ्याचं नाव सांग म्हणजे तुला सोपं जाईल.

कादंबरीचं तिसरं प्रकरण काढा. हेस्टर चौथऱ्यावर, वर सज्जात गव्हर्नर आणि पाद्री मंडळी. म्हातारे पाद्री विल्सन तरुण डिम्सडेलला पुढे करतात, तूच समजाव बाबा तिला. म्हणजे ज्याचं नाव विचारायचंय त्यालाच विचारायला लावतात! आणि तो सज्जावरून वाकून, थरथरत्या आवाजात, तिच्या डोळ्यात बघत सांगतो की तुझ्या सोबत्याचं नाव घे, त्याची दयामाया करू नकोस, उंचावरून खाली येऊन तुझ्या शेजारी उभं राहायला लागलं तरी त्याला ते बरं. ती मान हलवते. विल्सन आमिष दाखवतात, नाव सांग, ते अक्षर कदाचित उतरेल. ती म्हणते, कधीच नाही. गर्दीतून एक थंड कडक आवाज येतो, बोल बाई, पोरीला बाप दे, तो आवाज तिच्या नवऱ्याचा. तरी ती बोलत नाही.

आता नाटकाचा चौथा अंक. पहाट व्हायला आलीय, प्रॉक्टरने जीव वाचवायला खोटी कबुली द्यायचं ठरवलंय, मी सैतानाला भेटलो असं तो म्हणूनही टाकतो. तेवढ्यावर न्यायाधीश डॅनफर्थचं पोट भरत नाही. रिबेका नर्सला सैतानाबरोबर बघितलंस का? मेरी ईस्टीला? आणि रिबेका बाई, ती सत्तरीची म्हातारी, तिथेच उभी आहे. तो म्हणतो, माझी पापं मी बोलतो, दुसऱ्याचा न्याय मला करता येत नाही.

दोघंही पापी आहेत, दोघांनी पाप केलंय हे आपल्याला माहीत आहे, आणि नेमकी तीच दोघं तोंड घट्ट मिटून त्या सगळ्या सज्जनांपेक्षा उंच होतात. मला यातलं हेच आवडतं, आणि उत्तराची सुरुवात इथून केलीत तर पेपर तपासणारीची झोप उडेल एवढं नक्की.

प्युरिटन म्हणजे नक्की कोण होते हो?

इंग्लंडमधले कडवे प्रोटेस्टंट. इंग्लंडच्या चर्चमध्ये अजून कॅथलिक थाटमाट शिल्लक आहे, तो धुऊन काढा असं म्हणणारे, म्हणून 'प्युरिटन', शुद्धवाले. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप जहाजं भरून लोकांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला आला, आपण डोंगरावरचं गाव आहोत, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत असं म्हणत. आता जगाचे डोळे आपल्यावर आहेत म्हटल्यावर शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय हा खासगी मामला राहतच नाही, एकाच्या पापाने देवाचा कोप अख्ख्या वस्तीवर यायचा. नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड, हा कायदा तिथे १६५९ ते १६८१ होता. आमच्या बॅचमध्ये हे सांगितलं की मुलं हमखास हसतात.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, कोण स्वर्गात जाणार हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय असं ते मानायचे. पण कोणाला निवडलंय ते कळणार कसं? मग माणसं एकमेकांच्या वागण्यात खुणा शोधायची, स्वतःच्याही. सतत. डिम्सडेल रात्री अंगावर चाबूक ओढतो, उपास करतो, ते उगाच नाही.

मग पाप आणि गुन्हा वेगळं नव्हतंच का?

फारसं नव्हतं. व्यभिचाराला तिथे कायद्याने मृत्युदंड होता आणि तो नुसता कागदावर नव्हता, १६४४ मध्ये बोस्टनला मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना खरंच फाशी दिलं. बघा, १६४४, म्हणजे कादंबरीतली हेस्टर त्याच गावात त्याच वर्षांत 'ए' लावून फिरतेय. म्हणून तिसऱ्या प्रकरणात गर्दीतला एक माणूस म्हणतो की शिक्षा खरं तर मरणाचीच, पण नवरा बहुधा समुद्रात बुडाला असेल म्हणून साहेबांनी दया दाखवली. तुरुंगाच्या दारातल्या बायकांना मात्र ही दया पटलेली नाही, एक म्हणते निदान कपाळावर डागायचं तरी.

अक्षर लावायची शिक्षाही हॉथॉर्नने हवेतून काढलेली नाही. शेजारच्या प्लिमथ वसाहतीत १६५८ च्या कायद्यात कापडाची अक्षरं कापून वरच्या कपड्यावर शिवायची शिक्षा होती.

'ए' म्हणजे व्यभिचार, एवढंच ना?

एवढंच लिहिलंत तर निम्मे मार्क गेले. इंग्रजीत व्यभिचाराचा जो शब्द त्याचं ते पहिलं अक्षर, हे बरोबर, पण तो शब्द अख्ख्या कादंबरीत एकदाही येत नाही. शोधून बघा. लेखक अक्षर दाखवतो आणि शब्द गिळतो, त्यामुळे अक्षर मोकळं राहतं, कोणी त्यात काहीही भरावं.

आणि हेस्टर ते भरते! सरकारने सांगितलं अक्षर लाव, तिने काय केलं, तर लाल कापडावर जरीच्या धाग्याने असा काही कशिदा काढला की बायका बघतच राहिल्या, ही शिक्षा आहे की दागिना. पुढे तिचं पोट त्याच सुईवर चालतं. गव्हर्नरच्या कॉलरी तिच्या हातच्या, तान्ह्या बाळांची टोपडी तिच्या हातची, मयताचे कपडेसुद्धा. एकच गोष्ट गाव तिच्याकडून शिवून घेत नाही, नवरीच्या डोक्यावरचा पांढरा पदर. हे मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा काही सांगावं लागत नाही. प्युरिटन समाज काय होता त्याच्यावर दहा पानं लिहिण्यापेक्षा ही एक ओळ लिहा.

सात वर्षांनी, आजाऱ्यांची सेवा करून करून, लोकच म्हणायला लागतात की 'ए' म्हणजे 'एबल', कर्तबगार. एका रात्री आकाशात उल्केचा लाल 'ए' दिसतो, त्याच रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप गेलेला असतो, चर्चचा माणूस सकाळी सांगतो की तो 'ए' 'एंजल'चा, देवदूताचा, आमचे गव्हर्नर देवदूत झाले ना. पाद्र्याला मात्र तो स्वतःच्या पापाचा वाटतो. ज्याच्या मनात जे, ते त्याला दिसतं.

आणि 'क्रुसिबल'?

मूस. सोनार ज्यात सोनं वितळवतात ती. आपल्याकडे तावून-सुलाखून निघणं म्हणतात ना, तेच. प्रॉक्टर त्या मुशीतून निघतो. फरक एवढाच की सेलममध्ये सोनं वेगळं निघेपर्यंत माणूस जिवंत ठेवत नाहीत.

डिम्सडेल आणि प्रॉक्टर यांची तुलना करा. (हा दरवर्षी येतो.)

हो, येतोच, म्हणून जरा सावकाश.

दोघांनी एकच पाप केलंय. दोघांनी ते लपवलंय. दोघांना गाव मान देतं आणि तो मान त्यांना टोचतो. पण डिम्सडेलची गंमत अशी की तो व्यासपीठावरून खरं बोलतो! मी पापी आहे, माझ्याइतका नीच कोणी नाही, असं भर प्रवचनात सांगतो, आणि लोक म्हणतात अरे हा केवढा संत, स्वतःला पापी म्हणवतो, मग आपण काय. आणि त्याला माहीत असतं की लोक असंच म्हणणार. म्हणजे त्याने खरं बोलूनच खोटं सांगितलं. असला ढोंगीपणा मी दुसरीकडे वाचलेला नाही, कारण तो ढोंग करतोय आणि त्याला त्यात खरोखर वेदनाही होतायत.

बारावं प्रकरण नक्की वाचा. मध्यरात्री तो एकटा त्याच चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो, सात वर्षांपूर्वी जिथे हेस्टर उभी होती तिथे. गाव झोपलेलं. पश्चात्तापाचं नाटक, प्रेक्षक शून्य. तेवढ्यात हेस्टर आणि छोटी पर्ल तिथून जाताना त्याला दिसतात, तो त्यांना वर बोलावतो, तिघं हात धरून उभी राहतात. पर्ल विचारते, उद्या दुपारी आईबरोबर आणि माझ्याबरोबर इथे उभा राहशील का? तो म्हणतो उद्या नाही, कयामतच्या दिवशी. पोरगी हात सोडवून घ्यायला बघते. सकाळी चर्चचा तोच माणूस त्याचा काळा हातमोजा आणून देतो, साहेब, चौथऱ्यावर सापडला, सैतानाने टाकला असणार. बिचाऱ्याला दुसरं काही सुचणंच शक्य नाही.

प्रॉक्टरचं पाप घरात आहे, चार भिंतीत. दुसऱ्या अंकाची सुरुवात बघा, तो शेतातून येतो, चुलीवरच्या भांड्यातलं चाखून बघतो, अळणी लागतं, गुपचूप मीठ टाकतो. मग जेवताना बायकोला म्हणतो, छान झालंय. ती लाजते, खूश होते. बस. नवरा-बायकोत काय बिघडलंय ते त्या चिमूटभर मिठात आलं, मिलर मला इथे फार मोठा वाटतो. त्याच अंकात पाद्री हेल त्याला बायबलमधल्या दहा आज्ञा म्हणायला लावतो, तो बोटांवर मोजतो, नऊ होतात, दहावी काही केल्या आठवत नाही, मूर्ती करू नये हीच पुन्हा म्हणतो, आणि बायको हळूच आठवण करून देते, व्यभिचार, जॉन.

आता फरक. डिम्सडेलला कबुली द्यायची संधी सात वर्षं रोज होती, किंमत अब्रूची. प्रॉक्टर तिसऱ्या अंकात भर कोर्टात स्वतःहून ओरडून सांगतो की मी या पोरीबरोबर पाप केलंय, अब्रू स्वतःच्या हाताने जाळतो, बायकोला वाचवायला. आणि दैव असं की कोर्ट खातरजमा करायला एलिझाबेथला आत बोलावतं, जी बाई आयुष्यात खोटं बोललेली नाही ती नवऱ्याची अब्रू राखायला नेमकं तिथे खोटं बोलते. संपलं. डिम्सडेलच्या गावात गप्प बसल्याने माणूस तरतो आणि आतून मरतो. प्रॉक्टरच्या गावात खोटी कबुली दिली तर तरतो, खरं बोलला तर मरतो. पन्नास वर्षांत कबुलीचा भाव असा उलटा झाला, आणि हे मिलरने रचलेलं नाही, १६९२ मध्ये ज्यांनी चेटूक केल्याचं कबूल केलं आणि कबुली फिरवली नाही त्यांना फाशी झालीच नाही, फासावर गेले ते नाही म्हणणारे.

शेवटी दोघंही मरतात. डिम्सडेल मोठं प्रवचन देऊन, कौतुक झाल्यावर, चौथऱ्यावर चढतो, छाती उघडी करतो आणि तिथेच जातो. तिथे अक्षर होतं का? हॉथॉर्न सांगत नाही, कोणी म्हणे होतं, कोणी म्हणे छाती कोरी होती. खरं सांगू, मला तो शेवटी शेवटीसुद्धा थोडा स्वार्थी वाटतो, मेला सुटला, मागे हेस्टरला ठेवून. तुम्हाला नाही वाटलं तर तसं लिहा.

प्रॉक्टर कबुली देतो, सहीसुद्धा करतो, मग कागद फाडतो का?

कारण तो कागद चर्चच्या दारावर लावणार असतात. तोंडी बोललो, तुम्ही ऐकलंत, देवाने ऐकलं, मग सही कशाला? डॅनफर्थला गावाला दाखवायला हवी असते. प्रॉक्टर म्हणतो ते माझं नाव आहे, मला या जन्मात दुसरं मिळणार नाही.

आता हे हेस्टरच्या अक्षराशेजारी ठेवा. तिच्या छातीवर गावाने लिहिलं, ते तिने उतरवलं नाही, उलट नक्षी काढून आपलं करून टाकलं. इतकं की शेवटी परदेशातून परत येऊन, कोणी सांगितलेलं नसताना, तेच अक्षर पुन्हा लावते. प्रॉक्टरला गाव म्हणतं, तुझं नाव तूच लिही, बाकी आम्ही बघतो. तो फाडतो. दोघांचं भांडण एकाच गोष्टीवर आहे, माझ्याबद्दल काय लिहिलं जाईल ते कोण ठरवणार. तिचं भांडण तीस-चाळीस वर्षं सुईदोऱ्याने चालतं, याचं एका पहाटेत संपतं.

आणखी एक, सुटू देऊ नका. दोन्हीकडे सैतानाचं एक पुस्तक आहे. कादंबरीत छोटी पर्ल आईला विचारते, रानातला तो काळा माणूस सगळ्यांना पुस्तक पुढे करतो आणि रक्ताने नाव लिहायला लावतो, तू भेटलीस का त्याला? सेलमच्या खऱ्या खटल्यांतही आरोप हाच, सैतानाच्या पुस्तकात सही केली. आणि नाटकात सही मागायला कागद-दौत घेऊन कोण बसलंय, तर कोर्ट.

रानाचं काय? दोन्हीकडे रान आहे ना.

आहे. गाव म्हणजे कायदा, रान म्हणजे कायद्याबाहेरचं. नाटकात रान आपल्याला दिसतच नाही, फक्त त्याच्याबद्दल बोललं जातं, म्हणून भीती वाढते. कादंबरीत हेस्टर रानात अक्षर काढून फेकते, केस मोकळे सोडते आणि एकदम ऊन पडतं. मग पर्ल जवळच येईना, आई अक्षर परत लावेपर्यंत ओढ्यापलीकडे हट्ट धरून उभी. पोरीने आईला त्या अक्षराशिवाय कधी बघितलेलंच नाही.

बाईच्या बाजूने बघितलं तर कोण बरा लेखक?

हॉथॉर्न, आणि मी यावर हटणार नाही. १८५० मध्ये त्याने पापाचं ओझं वाहणारी बाई मध्यभागी ठेवली, तिला डोकं दिलं, तिच्या तोंडी हे घातलं की आपण केलं त्यात एक पावित्र्य होतं. मिलरने शंभर वर्षांनी काय केलं? पाप केलेला पुरुष नायक, ज्या पोरीबरोबर केलं ती खलनायिका, आणि बायको शेवटी म्हणते की माझा थंडपणाही थोडा कारणीभूत होता. एलिझाबेथच्या तोंडची ती ओळ आली की मला अजूनही चीड येते. त्यात खरी ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा, मिलरने हिला सतरा केली, त्याला तिशीत आणला आणि मध्ये प्रेमप्रकरण घातलं. वय बदलल्याचं त्याने पुस्तकाच्या सुरुवातीच्या टिपणात कबूल केलंय, पण परिणाम काय, तर एका इतिहासभर पसरलेल्या वेडाचं खापर एका तरुण पोरीच्या वासनेवर फुटतं. नाटक जबरदस्तच आहे, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

मग खरा व्हिलन कोण? चिलिंगवर्थ की ॲबिगेल?

चिलिंगवर्थ. डिम्सडेलच म्हणतो की आपल्या दोघांपेक्षा त्याचं पाप काळं, त्याने थंड डोक्याने माणसाच्या काळजात हात घातला. ॲबिगेल निदान पेटलेली आहे. सेलममध्ये त्याच्या जातीचा माणूस म्हणजे डॅनफर्थ, जो कोर्टाबरोबर नाही तो कोर्टाविरुद्ध असं म्हणणारा. रागावतसुद्धा नाही फारसा.

सेलममध्ये चेटकिणींना जाळलं ना?

नाही!! एकालाही नाही. एकोणीस जणांना फाशी, त्यात पाच पुरुष. ऐंशीच्या घरातला जाइल्स कोरी आरोपाला उत्तरच देईना म्हणून त्याच्या छातीवर दगड रचून मारलं, आणखी वजन टाका एवढंच तो म्हणाला असं सांगतात. निदान पाच जण तुरुंगातच मेले. हे सगळं सुरू झालं सेलम व्हिलेजमध्ये, ज्याचं नाव आता डॅनव्हर्स आहे. पेपरात 'जाळलं' लिहू नका, कळकळीची विनंती.

मॅकार्थीचा काय संबंध? सगळे लिहितात पण मला कळलेलं नाही.

१९५० च्या आसपास अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायची लाट आली, सिनेटर जोसेफ मॅकार्थी हा तिचा सगळ्यात गाजलेला चेहरा. संसदेची कमिटी लोकांना बोलवायची आणि विचारायची, मीटिंगला आणखी कोण कोण होतं? नावं आधीच माहीत असायची बऱ्याचदा. तरी तुमच्या तोंडून हवी असायची, म्हणजे तुम्ही शरण आलात हे दिसतं. मिलरचा जवळचा दिग्दर्शक मित्र इलिया कझान याने १९५२ मध्ये नावं दिली, त्याच सुमाराला मिलर सेलमला जाऊन कोर्टाचे जुने कागद वाचत होता. नाटक आलं १९५३ ला. आणि १९५६ ला खुद्द मिलरला कमिटीने बोलावलं, त्याने स्वतःबद्दल सांगितलं पण दुसऱ्या कोणाचं नाव वापरणार नाही म्हणाला. प्रॉक्टरचं वाक्य, तीन वर्षांनी, खऱ्या चौकशीत! १९५७ मध्ये दोषी ठरवलं, १९५८ मध्ये वरच्या कोर्टात सुटला.

हेस्टरला वाळीत टाकलं असं लिहिलं तर चालेल का?

अर्धंच चालेल. वाळीत टाकलं म्हणजे पाणी बंद, बोलणं बंद, व्यवहार बंद. हेस्टर गावाबाहेर समुद्राकाठच्या झोपडीत राहते हे खरं, पण तिच्याकडून कपडे शिवून घेतात, आजारपणात बोलावतात, प्रवचनात तिच्याकडे बोट दाखवतात. गावाला ती लागते. सगळ्यांना आपण बरे वाटावं म्हणून एक वाईट माणूस डोळ्यांसमोर हवा असतो. सेलममध्ये तसलं काही नाही, तिथे सरळ संपवतात, आणि मागे जमीन उरते, गावातला जमीनदार पटनम, त्याचा डोळा जमिनीवरच आहे असं कोरी नाटकात उघड म्हणतो.

सिनेमा बघून पेपर लिहिला तर?

क्रुसिबलचा १९९६ चा चालेल, पटकथा मिलरचीच आहे, डॅनियल डे-लुईस आहे. (तो त्याच वर्षी मिलरचा जावई झाला.) स्कार्लेट लेटरचा १९९५ चा डेमी मूरवाला अजिबात नको, त्यात शेवटी हेस्टर आणि पाद्री जोडीने गाडीत बसून निघून जातात. एका वर्षी माझ्या बॅचमधल्या दोघांनी तेच लिहून ठेवलं होतं.

हॉथॉर्न आणि नाटकातला जज हॅथॉर्न, नावात साम्य आहे की माझी स्पेलिंग मिस्टेक?

मिस्टेक नाही, आणि हा प्रश्न विचारणारी मुलगी मला फार आवडली. जॉन हॅथॉर्न हा १६९२ च्या खटल्यांतला खरा न्यायाधीश, नाटकात डॅनफर्थच्या शेजारी बसतो तो. आणि तो कादंबरीकार नॅथॅनिएलचा खापरपणजोबा! त्याच्याही बापाने, विल्यमने, क्वेकर नावाच्या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा छळ केलेला. नॅथॅनिएलने तरुणपणी आडनावात एक जादा अक्षर घातलं, लोक म्हणतात पूर्वजांपासून अंतर ठेवायला. त्याने तसं लिहून ठेवलेलं नाही, पण कादंबरीच्या सुरुवातीच्या लांबलचक 'कस्टम हाऊस' (म्हणजे जकात कचेरी) प्रकरणात तो सरळ म्हणतो की या पूर्वजांची लाज मी माझ्या अंगावर घेतो, त्यांच्यामुळे घराण्याला शाप लागला असेल तर तो आता सुटू दे.

बाकीच्यांचं काय झालं तेही सांगते. सॅम्युएल सूअल नावाच्या न्यायाधीशाने १६९७ मध्ये चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली, म्हणजे पाद्री कागद वाचत होता आणि हा सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा. आरोप करणाऱ्या पोरींपैकी ॲन पटनमने १७०६ मध्ये मागितली. १७११ मध्ये बऱ्याच जणांची नावं निर्दोष करून वारसांना भरपाई दिली. जॉन हॅथॉर्नने मागितल्याची नोंद नाही. दीडशे वर्षांनी ते काम खापरपणतूने केलं, तेही नोकरी गेल्यावर रिकामा बसला तेव्हा. सेलमच्या कस्टम हाऊसमध्ये तो नोकरीला होता, १८४९ मध्ये सरकार बदललं आणि याला काढलं, मग कादंबरी झाली.

आधी कुठलं वाचू?

नाटक. दोन बसण्यात होतं, बोलीभाषा आहे, वेग आहे. कादंबरी मग, आणि कस्टम हाऊसचं प्रकरण सगळ्यात शेवटी वाचा, सुरुवातीला नको. मी कॉलेजात असताना तीन वेळा त्याच पानांवर झोपले आणि पुस्तक परत करून आले. चौथ्यांदा थेट तुरुंगाच्या दारापासून सुरू केलं, दारात गुलाबाचं एक झुडूप आहे तिथून, आणि दोन दिवसांत संपवलं. हॉथॉर्नने शेवटची पानं बायकोला वाचून दाखवली तेव्हा ती डोकं धरून जाऊन झोपली होती, आणि त्याने मित्राला कळवलं की हे माझं यश. तुमचंही डोकं दुखलं तर मेसेज करा, पण रात्री दहाच्या आधी.